मदत हवी आहे: प्रतापनगरचं घर विकायचंय, कोणत्या ब्रोकरला द्यावं?

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी,

बाबांचं प्रतापनगरचं घर विकायचं आमच्याकडे ठरलं आहे. एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नासुप्र) लेआउटमधला दीड हजार फुटांचा प्लॉट, ३० बाय ५०, लीजचा. बांधकाम १९८८ चं, पूर्वमुखी, खाली तीन खोल्या आणि वर गच्चीला लागून एक. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे मनीषनगरला आली, तेव्हापासून कुलूप आहे. आई, ताई आणि मी असे तिघे वारस. ताई कॅनडात असते. भांडण कुणाचं नाही, फार घाईही नाही, पण आणखी एक उन्हाळा घर बंद राहू नये असं आई म्हणते. मागच्या नवतपात गच्चीवरच्या टाकीला तडा गेला आणि ते शेजाऱ्यांनी फोन केल्यावर कळलं.

आतापर्यंत तीन जण येऊन गेले. पहिले आत आलेच नाहीत. गेटपाशी पावलांनी फ्रंट मोजला, रस्ता किती फुटी ते विचारलं आणि गाडीला किक मारता मारता "एक तीस आरामात" म्हणाले. म्हणजे एक कोटी तीस लाख. दुसऱ्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, बाथरूमच्या भिंतीवरच्या ओलीला हात लावून पाहिला, लीजची प्रत मागितली आणि एक दहाच्या वर जाणार नाही असं सांगितलं. त्यांची अट अशी की सहा महिने घर दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही, आणि दलाली दोन टक्के. तिसरे बाबांच्या ओळखीचे. ते म्हणतात, दलालीच नको, "तुमच्या हातात एक कोटी पडेल, वरचं माझं."

आईचा कल तिसऱ्यांकडे, भाऊजींचा पहिल्यांकडे. यातलं कुणालाच फारसं कळत नाही. अलीकडे नागपुरात कुणी जुनं घर विकलं असेल तर सांगा, ब्रोकर पारखायचा कसा? आणि सहा महिने एकाच्याच गळ्यात माळ घालावी का?

सावजी_रस्सा

तिसऱ्याला आधी काटा भाऊ. ओळखीचे आहेत ना, चहा पाजा, पोहे खाऊ घाला, घर नका देऊ. 'वरचं माझं' म्हणजे तुमचं घर कितीला गेलं हे तुम्हालाच कळत नाही बाप्पा. गिऱ्हाईकाशी धड बोलूही देत नाहीत. आमच्या काकांचं नंदनवनचं घर असंच गेलं. रजिस्ट्रीच्या दिवशी घेणारा बोलता बोलता खरा आकडा बोलून गेला अन् काका पाहूनच राहिले. वरची रक्कम त्याने आधीच रोख देऊन टाकली होती. आणि समजा रजिस्ट्री पूर्ण आकड्याची केली, तर वरच्या पैशावरचा टॅक्स कोणाच्या नावावर? काकांच्याच. दलाली ठरवा, टक्क्यात ठरवा, लिहून घ्या.

इंडेक्स_टू

पहिल्यांना एकच प्रश्न विचारा: एक तीसपैकी चेकने किती? बरेचदा हा आकडा 'दोन नंबर' धरून सांगितलेला असतो. घर-जमिनीच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही जेवढी रक्कम घेतली तेवढाच. म्हणजे अडकणार तुमची आई.

दुसरी शक्यता साधी आहे. मोठा आकडा सांगून घर हातात घ्यायचं, दोन-तीन महिने कुणी फिरकू द्यायचं नाही, मग "मार्केट थंड आहे साहेब" म्हणत एक पाचवर आणायचं.

भाव कुणाच्या तोंडून ऐकू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च फुकट आहे. लीजवर मौजा आणि खसरा नंबर असेल, तो टाकून आजूबाजूच्या प्लॉटांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्यांचे गोषवारे, पाहा. मोबदला किती लिहिला आणि बाजारभाव किती, दोन्ही दिसतात. रोखीमुळे मोबदला कमी लिहिलेला असू शकतो, पण एक तीसची हवा किती खरी ते कळेल. मग तिघांनाही विचारा, याच लेआउटमधलं शेवटचं जुनं घर तुम्ही कधी विकलं? फ्लॅट नाही, घर. नवीन स्कीमचे फ्लॅट विकणाऱ्याला लीजच्या घरातलं ओ की ठो कळत नसतं.

लीजवर सध्या नाव कोणाचं आहे?

प्रतापनगरकर

बाबांचंच. मृत्युपत्र नाही. टॅक्स पावतीही त्यांच्याच नावाने येते. दुसऱ्या ब्रोकरांनीही पहिला प्रश्न हाच केला होता.

इंडेक्स_टू

मग दुसऱ्यांना दोन गुण जास्त. आधी नासुप्रच्या सदर भागातल्या ऑफिसात तिघांची नावं चढवून घ्या, लीजची ३० वर्षांची मुदत कधी भरते तेही पाहा. नूतनीकरण राहिलं असेल तर घेणाऱ्याची बँक तिथेच फाइल थांबवते. विकतानाही नासुप्रची परवानगी आणि हस्तांतर शुल्क आहे. ते कोण भरणार हे टोकन घेण्याआधी ठरवा, इसारपत्रात लिहा. मंजूर नकाशा सापडतो का पाहा. वरची खोली नकाशात आहे ना?

बर्फात_वैदर्भी

ताई कॅनडात आहे हे कुणी वाचलंच नाही वाटतं. ५० लाख किंवा जास्तीच्या सौद्यात घेणारा १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापतो, तो तुमच्या आणि आईच्या वाट्याला. ताई आयकराच्या हिशेबात अनिवासी असेल, तर तिच्या वाट्यावर दीर्घ मुदतीच्या नफ्याचे साडेबारा टक्के, वर सेस आणि लागू असेल तर सरचार्ज, आणि ते नफ्यावर नव्हे, तिला मिळणाऱ्या पूर्ण रकमेवर. कमी कापायचा असेल तर आयकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र आणावं लागतं, त्याला वेळ लागतो. जुन्या घराला इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) घेऊन २० टक्क्यांचा पर्याय आहे तो निवासींनाच. बाबांचं घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन व्हॅल्युअरकडून करून घ्या, नफा बराच खाली येतो.

ताई रजिस्ट्रीला येणार नसेल तर मुखत्यारपत्र लागेल. तिकडे वकिलातीत करून इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्या.

ब्रोकरला विचारा, "एक मालक परदेशात आहे, काय करावं लागेल?" जो "काही नाही, होऊन जाते" म्हणेल त्याला नमस्कार.

निवृत्त_मास्तर

ब्रोकर हवाच कशाला? मी गेटवर पाटी लावली आणि पेपरात छोटी जाहिरात दिली. फोन आले ते निम्मे ब्रोकरांचेच, हे खरं. पण घर घेतलं ते गल्लीतल्याच एकाने, मुलासाठी. शेजारी विचारून पाहा.

चाबी_माझ्याकडे

मी स्वतः हे काम करतो, म्हणून नाव-गाव सांगत नाही. इथे गिऱ्हाईक शोधायला आलेलो नाही.

मास्तरांचं बरोबर आहे, शेजाऱ्यांना आधी विचारा. ३० बाय ५० चा प्लॉट बाजूच्या प्लॉटवाल्याला सगळ्यात जास्त कामाचा.

एकालाच देणं वाईट नाही. पाच जणांना दिलं की तेच घर नेटवर पाच भावांत दिसतं, आणि घेणारा समजतो की माल अडकलेला आहे. पण सहा महिने नको, तीन द्या. कागदावर घ्या. दलाली टोकनला नाही, रजिस्ट्रीच्या दिवशी. जीएसटी १८ टक्के वरून लागणार की त्यातच, ते आत्ताच विचारा. दोन टक्के ही काही दगडावरची रेघ नाही, सव्वा-दीडवर येतात, आणि घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार असतील तर नक्की येतात. तो प्रश्न तोंडावर विचारा, चिडला तर समजून जा. मुदत संपताना दाखवलेल्या गिऱ्हाईकांची नावं लिहून मागा. त्यातला कुणी नंतर आला तरच त्यांची दलाली, तुमचे शेजारी आणि नातेवाईक सुरुवातीलाच वगळा.

महारेराचा (घरबांधणी व्यवसायावरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नंबर असलेला बघा. जुन्या घराच्या फेरविक्रीला तो सक्तीचा नाही, पण २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे. निदान माणूस नोंदलेला आहे एवढं कळतं.

आणि किल्ली सोडून देऊ नका. बंद घराची किल्ली ब्रोकरकडे राहिली की घर दिवसभर कोणाकोणाला दाखवलं जातं त्याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक वेळी तुमच्यातलं कुणी तरी हजर राहा.

सावजी_रस्सा

चाबीभाऊ, तुमचंच नाव चाबी_माझ्याकडे आहे 😄

प्रतापनगरकर

सगळ्यांचे आभार. आईला 'वरचं माझं'चा अर्थ समजावला, ती आता तिसऱ्यांना स्वतःच फोन करणार आहे, बोलणी खाणार बिचारे. भाऊजी एक तीसवर अडून आहेत, त्यांना इंडेक्स टू काढायला बसवतो.

नासुप्रमध्ये नावं चढेपर्यंत कुणालाच काही लिहून देत नाही. त्यानंतर दुसऱ्यांशी तीन महिने आणि दीड टक्क्यावर बोलून पाहतो. वरच्या खोलीचा नकाशा अजून सापडलेला नाही, बाबांच्या कपाटात शोधतोय. नासुप्रकडून जुन्या मंजूर नकाशाची प्रत कुणी काढली आहे का? आणि अनिवासी मालकाचं टीडीएस प्रमाणपत्र केलेला सीए धरमपेठ-रामदासपेठकडे माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.