चर्चमधलं फुकट जेवण : अनुभव धागा

रात्रपाळी
काल गराज आवरताना एक पांढरं कॅसरोलचं भांडं सापडलं, बुडाला मास्किंग टेप आणि त्यावर पेनाने कुणाचं तरी आडनाव. २००३ साली अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा कॅम्पसवर बाप्टिस्ट स्टुडंट युनियनचा दर बुधवारी फुकट लंच असायचा, गावातल्या चर्चच्या आज्या पाळीपाळीने रांधून आणायच्या. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासच काम, त्यामुळे बुधवार म्हणजे सण! पहिल्याच दिवशी हिरव्या बीन्स ताटभर घेतल्या आणि त्यात निघाले बेकनचे तुकडे. मी नुसताच ढवळत बसलेला एका आजींनी पाहिलं. पुढच्या बुधवारी माझ्यासाठी वेगळं भांडं, वर चिठ्ठी 'नो मीट'. उरलेलं घरी घेऊन जा म्हणाल्या. ते हे भांडं. परत द्यायचं राहूनच गेलं. तुमचेही अनुभव येऊ द्या.

खारीबिस्कीट
शाकाहारी लोकहो, जेलो!! हिरवंगार, थुलथुलीत, मी तीन वाट्या हाणल्या. महिन्याभराने रूममेट म्हणे अगं त्यात जिलेटिन असतं, म्हणजे हाडं-कातडी. रताळ्यावरचे मार्शमॅलो पण तसलेच. आईला अजून सांगितलेलं नाही 🤐

उनाड
थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, डायनिंग हॉल बंद, बस बंद, डॉर्ममध्ये मी आणि एक कोरियन पोरगा. चर्चवाल्या काकांनी व्हॅनमधून घरी नेलं. मी बसल्या बसल्या बटाटा तोंडात टाकला आणि तेवढ्यात सगळ्यांनी हात धरून डोळे मिटले. आता चावू का गिळू. काकांनी पार आमच्या परीक्षांपर्यंत सगळ्यांसाठी मागून घेतलं, बटाटा गरम होता हो

चहाबाज
@उनाड 😂😂 मेलो

सरळरेषा
सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहिते. मला त्रास झाला. जेवण झालं की खुर्च्या गोल, हातात बायबल, आणि मग मेल्यावर तू कुठे जाशील असं वाटतं? तिसऱ्या वेळेनंतर जायचं बंद केलं तर दर शुक्रवारी फोन. तोंडावर नाही म्हणता येईना कारण मी झोपायचे ती गादी त्यांनीच दिलेली. जेवण फुकट असतं पण अगदीच फुकट नसतं.

रात्रपाळी
@सरळरेषा खरंय. आमच्याकडेही बायबल स्टडीचं बोलावणं असायचं, पण न जाणाऱ्याच्या ताटात कमी वाढलं असं मी तरी पाहिलं नाही.

जुनंखोड
जागेजागेवर असतं. आमच्या न्यूमन सेंटरला (हे कॅथलिकांचं विद्यार्थी केंद्र) रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवून थेट स्पगेटीला उगवलं तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. बाकी हे प्रकरण जुनं आहे बरं का, पहिला न्यूमन क्लब १८९३ चा, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतला. मेथडिस्टांचं वेस्ली फाउंडेशन १९१३ चं, इलिनॉयमधलं.

चहाबाज
आले आमचे मास्तर 🙏

पाऊलवाट
मला तर एका रिटायर्ड जोडप्याने चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवली. काकू मागच्या सीटवर बसून अखंड प्रार्थना, माझ्या आत्म्यासाठी नव्हे, गाडीसाठी. पॅरलल पार्किंगमध्ये दोनदा नापास. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा केक. पोरं झाल्यावर भेटायला नेली त्यांना, काका नव्हते तोवर. बाकी संध्याकाळी लिहिते, कुकर झालाय

खारीबिस्कीट
@रात्रपाळी भांड्यावर निळी फुलं आहेत का? मग कॉर्निंगवेअर ब्रँडचं असणार, टाकू नकोस हां

रात्रपाळी
हो निळीच. झाकण नाहीये पण. ते बहुतेक आजींकडेच राहिलं.

उनाड
@सरळरेषा गादीचं काय केलंस मग?

सरळरेषा
दोन वर्षं झोपले. जाताना पुढच्या बॅचच्या मुलीला दिली. फोन नंबर नाही दिला.