१२५ सीसी गाडी रात्रभर गल्लीत उभी असते. साखळी, किल स्विच की जीपीएस?

गल्लीतला_पार्किंगवाला

नमस्कार मंडळी. गाडी १२५ सीसी कम्युटर, बीएस-६, दोन वर्षं पूर्ण झालेली. पुढे-मागे ड्रम ब्रेक, अलॉय चाकं. पुण्यातली जुनी इमारत. गेट नाही, वॉचमन नाही, गाड्या गल्लीत भिंतीला लागून. बजेट साधारण ३ हजार. प्रश्न चार:

१. पुढे डिस्कच नाही, मग डिस्क लॉकऐवजी काय लावायचं?
२. गॅरेजवाला ३०० रुपयांत 'चोर स्विच' बसवून देतो म्हणतो. बसवावा का?
३. जीपीएस लावला तर बॅटरी उतरते का?
४. विमा पाच वर्षांचा काढलेला आहे. म्हणजे गाडी गेलीच तर पैसे मिळतीलच ना?

दावा_दाखल

आधी चौथा, कारण त्याचं उत्तर बहुतेक 'नाही' असं आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा झाला. शोरूममधून निघताना जी पॉलिसी मिळते तिच्यात साधारणपणे थर्ड पार्टी पाच वर्षं आणि ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं संरक्षण) फक्त एक वर्ष असतं. चोरीची भरपाई ओन डॅमेजमध्ये येते. तुमच्या गाडीला दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे मधे वेगळं नूतनीकरण केलं नसेल तर गेलं वर्षभर चोरीचं संरक्षण शून्य आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात, आजच बघा.

संपलं असेल तर नुसतं ओन डॅमेज स्वतंत्रपणे, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतं. खंड पडलेला असल्याने कंपनी गाडीची तपासणी किंवा फोटो मागेल. घेताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) बघा, चोरीनंतर जास्तीत जास्त तेवढेच मिळतात. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा धरतात. हप्ता शे-दोनशेने कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली ओढतात, ते करू देऊ नका.

साखळीबुवा

पहिल्या प्रश्नाचं. गल्लीतून गाडी कशी जाते ते आधी लक्षात घ्या. हँडल लॉक म्हणजे स्टिअरिंगच्या खाचेत जाणारी बोटाएवढीसुद्धा नसलेली पिन. हँडलला जोराचा हिसडा दिला की पिन किंवा तिची बैठक तुटते, काही सेकंदांचं काम. त्यानंतर इंजिन चालू करायच्या फंदात बरेचजण पडतच नाहीत. एक चोर तुमच्या गाडीवर, दुसरा मागून आपल्या गाडीवरून पाय लावतो आणि ढकलत नेतो. बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल संपलंय. गिअरमध्ये ठेवून उपयोग नाही, क्लच दाबला की चाक मोकळं. म्हणून पैसे आधी चाक अडवण्यावर घाला.

ड्रम ब्रेकवाल्यांनी डिस्क लॉक विसरावं. साखळी घ्या, १० मिमी कडीची, हार्डन केलेली, १.२ मीटर तरी लांब. वजन अडीच-तीन किलो भरतं. जी साखळी हातात हलकी वाटते ती कटरलाही हलकीच वाटते. दुकानात 'हार्डन आहे' असं सगळेच सांगतात, तेव्हा खिशात छोटी कानस ठेवा आणि कडीवर घासून पाहा. कानस घसरली तर पोलाद कडक, पांढरी चर पडली तर साखळी नरम. प्लास्टिकच्या आवरणातली केबल फक्त हेल्मेट बांधायला घ्यावी. जाडी तिची नाही, आवरणाची असते.

बांधायची मागच्या चाकातून, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) आतून, आणि पुढे एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला. पुढचं चाक बांधलं तर एक्सल काढून चाक तिथेच सोडतात आणि बाकी गाडी टेम्पोत घालतात. साखळी जमिनीवर लोळता कामा नये. लोळली की कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकता येतो, शिवाय छिन्नी-हातोड्याला आयती ऐरण मिळते. ताणून, गुडघ्याच्या उंचीला, ढिली कमीत कमी. कुलपाचं छिद्र खाली, नाहीतर पावसाळ्यात जाम होतं. कुलूप बंद खांद्याचं घ्या, म्हणजे कडीचा भाग बाहेर कमी दिसतो. १० मिमी साखळीला ६ मिमी कडीचं कुलूप लावणं म्हणजे लोखंडी दाराला सुतळीची कडी. अलॉयचा रंग उडू नये म्हणून साखळीवर जुनी सायकल ट्यूब चढवा.

कशाला बांधताय तेही बघा. खिडकीची ग्रिल साखळीच्या आधी कापली जाते. काँक्रीटमध्ये गाडलेला खांब उत्तम. तो नसेल तर सोसायटीची लेखी परवानगी घेऊन भिंतीत किंवा कोब्यात अँकर बसवा: १२ मिमीचे वेज अँकर बोल्ट (कसल्यावर भोकात फुगून बसणारे), निदान ७५-८० मिमी खोल, आणि कसल्यावर नटावर वेल्डिंगचा टाका, नाहीतर पान्याने उलटा फिरवून काढतात. पेव्हर ब्लॉकमध्ये बसवू नका, ब्लॉकसकट उचलून येतो. विटांच्या भिंतीतही वेज अँकर धरत नाही, वीट फुटते. तिथे केमिकल अँकर लागतो.

बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे यातलं काही टिकत नाही. पण त्याचा आवाज आणि ठिणग्या रात्री तीन वाजता लपत नाहीत.

दोन_स्ट्रोक

कव्हर घाला! फुकटात सगळ्यात जास्त फायदा. कुठली गाडी आहे, साखळी आहे की नाही, हे कळायला आधी कव्हर उचलावं लागतं. फक्त ओल्या गाडीवर घालू नका, टाकीच्या खालच्या शिवणीला गंज धरतो.

कळ_खटका

किल स्विचबद्दल, म्हणजे तुमचा 'चोर स्विच', गाडी चालू होऊ न देणारी छुपी कळ. ३०० रुपयांतलं काम कसं असतं ते आधी सांगतो: इग्निशन स्विचच्या वायरला चाकूने चीर, दोन वायरी पिळून काळी टेप, आणि स्विच सीटखाली. तीन चुका एका ठिकाणी. पिळलेला सांधा पहिल्या पावसात हिरवा पडतो आणि गाडी ट्रकच्या पुढे असताना बंद पडते. सीटचं कुलूप पेचकसाने उघडतं, म्हणजे सीटखालची जागा चोराच्या यादीत पहिली. आणि हेडलाइटमागून येणारी वायर हँडलबरोबर रोज शेकडो वेळा वाकते, तिथे सांधा दिला तर तांब्याची तार आतून तुटते, बाहेरून कळतही नाही.

नीट करायचं तर असं. तुमची बीएस-६ गाडी बहुधा इंजेक्शनची असेल, तेव्हा फ्युएल पंपाचा पुरवठा तोडा. पंपाचा करंट छोट्या स्विचमधून नेऊ नका, संपर्क जळतात. १२ व्होल्ट ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) घ्या. पंपाच्या पॉझिटिव्ह वायरला मधे तोडून एक टोक ३० नंबरला, दुसरं ८७ ला. ८५ अर्थला. ८६ ला इग्निशननंतरचा पॉझिटिव्ह, छुप्या स्विचमधून. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा दीड-दोनशे मिलिअँपिअर जातो. वायर ०.७५ ते १ चौरस मिमी, सांधे डाग देऊन, वर हीट श्रिंक. रिले पिना खाली करून बसवा, पाणी आत साचत नाही. स्विचची जागा: टाकीखाली फ्रेमच्या मधल्या नळीच्या बाजूला किंवा साइड पॅनेलच्या आत, बोट जाईल पण नजर जाणार नाही अशी.

स्विच बंद ठेवून स्टार्टचं बटण दाबलं तर स्टार्टर फिरेल, नळीत उरलेल्या दाबावर इंजिन काही सेकंद घुरघुरेल आणि बसेल. पेट्रोल नाही असं वाटतं, हाच फायदा. पण स्टार्टरची वायर तोडणारा स्विच घेऊ नका. धक्का मारून गाडी चालू होते, किक असेल तर प्रश्नच नाही.

वॉरंटी चालू असेल तर मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू नका. पंपाच्या कपलरला जुळणारी नर-मादी जोडी मिळते, ती मधे घाला म्हणजे सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवता येते.

जुनं_ते_सोनं_१००सीसी

'वायर तोडा' हा सल्ला वाचून कार्बोरेटरवाले फसतील म्हणून लिहितो. जुन्या एसी सीडीआय (सीडीआय म्हणजे ठिणगी देणारा डबा) गाड्यांत उलटं गणित असतं: चावी बंद केली की सीडीआयची किल वायर अर्थ होते आणि ठिणगी थांबते. म्हणजे ती वायर तोडली की गाडी बंद होण्याऐवजी कायमची चालू! चोर नेमकं हेच करतात, हेडलाइटजवळचा इग्निशनचा कपलर उपटतात आणि किक मारतात. अशा गाडीत छुपा स्विच किल वायरला अर्थशी *जोडणारा* हवा, आणि सांधा सीडीआयच्या अगदी जवळ, कपलरच्या पलीकडे.

तुमची कुठली ते ओळखायला कपलर काढून किक मारा. चालू झाली तर एसी. नाही झाली तर डीसी, मग वर सांगितल्यासारखा पुरवठा तोडायचा.

पेट्रोलचा कॉक बंद करून निर्धास्त झोपणाऱ्यांसाठी: कार्बोरेटरच्या वाटीत उरतं तेवढ्यावर गाडी गल्लीच्या बाहेर आरामात जाते.

आणि चावी. जुन्या गाड्यांच्या कुलपातल्या पट्ट्या इतक्या झिजतात की दुसऱ्या गाडीची चावी, कधीकधी पेचकससुद्धा चालतो. चालू गाडीची चावी वर ओढून बघा. इंजिन चालू असताना ती हातात आली तर लॉक सेट बदलायची वेळ झाली.

गल्लीतला_पार्किंगवाला

पॉलिसी काढून पाहिली, ओन डॅमेज खरंच संपलंय. आज भरतो. 😬 साखळी आणि कव्हर पक्कं. रिलेच्या भानगडीत न पडता नुसता फ्यूज काढून नेला तर? आणि जीपीएसचं राहिलंच.

कळ_खटका

चालतं. तुमच्या गाडीला पंपाचा किंवा इंजेक्शनचा वेगळा फ्यूज असेल तर तोच काढा. नुसता मेन फ्यूज असेल तर तो काढल्यावर काही मीटरांचं घड्याळ आणि ट्रिप शून्य होते, आणि फ्यूजनंतर जोडलेला जीपीएसही झोपतो. कमतरता दोन: फ्यूज बॉक्स सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे, म्हणजे चोराला जागा माहीत आणि त्याच्या खिशात जादा फ्यूज. शिवाय रोज काढ-घाल केली की बॉक्समधल्या पितळी पकडी सैल होतात, मग तिथे गरम होऊन प्लास्टिक वितळतं. गावाला जाताना चार दिवसांसाठी ठीक, रोजसाठी नाही.

जीपीएसचा हिशोब सोपा आहे. झोपेत यंत्र सरासरी १० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास. छोट्या कम्युटरची बॅटरी ४ अँपिअर-तासांची धरली तर आठ दिवसांत निम्मी उतरली. रोज चालणाऱ्या गाडीला त्रास नाही, पंधरा दिवस उभ्या गाडीला आहे. विकत घेताना 'स्लीप करंट' किती ते विचारा, आणि आत स्वतःची छोटी बॅटरी असलेलंच घ्या, म्हणजे मुख्य वायर कापली तरी संदेश येतो. २जी-वरच चालणारं घेऊ नका. सिमचं रिचार्ज संपलं की यंत्र म्हणजे प्लास्टिकचा डबा, त्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. बसवताना धातूच्या पत्र्याखाली नको, प्लास्टिक पॅनेलच्या आत.

एअरटॅगसारखं लावणार असाल तर तो स्वतः जीपीएस नाही, जवळून जाणाऱ्या आयफोनच्या भरवशावर जागा सांगतो. अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते, कारण ती सोय पाठलाग रोखण्यासाठी मुद्दाम ठेवलेली आहे.

दावा_दाखल

ओन डॅमेज भरताय तर पुढचंही वाचून ठेवा.

गाडी जागेवर नाही दिसली तर आधी वाहतूक शाखेने उचलली नाही ना ते बघा, नो पार्किंगमधली असेल तर विशेषतः. नसेल तर ११२, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात एफआयआर. १ जुलै २०२४ पासूनच्या चोऱ्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं. नुसत्या तक्रार अर्जाच्या पोचवर परत येऊ नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करून क्लेम नंबर घ्या. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, पण त्यासाठी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या कशाला चढायच्या?

कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दिली तर 'चावी गाडीलाच होती का' हा प्रश्न येतो आणि दावा अडकतो. दुसरी चावी आजच शोधून आरसीच्या प्रतीसोबत ठेवा. चावी आधीच हरवली असेल तर तेव्हाच पोलिसांत नोंद करून ठेवावी.

गाडी सापडली नाही तर पोलीस तपासाअंती न्यायालयात 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडला नाही. विमा कंपनी हाच कागद मागते आणि खरा वेळ इथेच जातो, पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. कर्ज असेल तर पैसे आधी फायनान्स कंपनीला जातात. आरटीओलाही लेखी कळवा.

मधल्या काळात ई-चलान रोज तपासा. चोरलेली गाडी सिग्नल तोडते तेव्हा पावती तुमच्या नावावर येते, पण सोबत फोटो, वेळ आणि चौक असतो. तो तपास अधिकाऱ्याला लगेच द्या.

साखळीबुवा

जाता जाता: चेसिस नंबर हँडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा आणि फोटो दोन्ही घरात ठेवा. नंबर प्लेट बदलायला पाच मिनिटं लागतात. ओळख पटवताना चेसिस आणि इंजिन नंबरच बघतात, आणि तो घासलेला असेल तर अंकांच्या मूळ वळणाचा ठसा कामाला येतो.