सांता फे परवडत नाही, बाजूचं गाव पटत नाही: काय करावं?

ओंजळ
मंडळी, घरात दोन पक्ष पडलेत, म्हणून इथे धागा काढतेय. नवरा वर्षअखेर निवृत्त होतोय, माझं काम लॅपटॉपवर, कुठूनही चालतं. डॅलसजवळचं घर विकून न्यू मेक्सिकोत जायचं एवढं पक्कं आहे. त्याला ऑपेरा आणि चित्रांचं वेड, मी हातमागावर विणते. साहजिकच राजधानी सांता फेचं नाव आधी आलं. २०२० च्या जनगणनेत ८७,५०५ वस्ती, म्हणजे आपल्याकडचं एखादं बरं तालुक्याचं गाव. पण त्यात कॅन्यन रोडवर ओळीने गॅलऱ्या, चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांचं म्युझियम, १९२२ पासून भरणारं इंडियन मार्केट, दर जुलैत जगभरच्या लोककलांचा बाजार. अडचण एकच, घरांच्या किमती. आमच्या पैशांत शहरात दोन बेडरूमचा कॉन्डो (म्हणजे फ्लॅट) येतोय. तेवढ्यातच पंधरा मैलांवर एल्डोराडोला अंगणासकट घर येतं. आणखी लांब लास वेगासला (न्यू मेक्सिकोतलं, जुगाराचं नव्हे) जुनं व्हिक्टोरियन घर घेऊन वर पैसे उरतील. नवरा म्हणतो कॉन्डो. मी म्हणते माग कुठे ठेवू? माग नुसता उभा केला तरी ५ बाय ५ फूट जातात, आणि ताणा भरायचा तर मागच्या बाजूला माणूस उभा राहील एवढी जागा लागते. दुसऱ्या बेडरूममध्ये माग ठेवला तर पाहुणा मागावर झोपणार. अनुभवी लोकांनी सांगा. भांडलात तरी चालेल.

नाटकवेडा
कॉन्डो. विचारायचं काय त्यात? ज्यासाठी एवढं बिऱ्हाड हलवताय तेच वीस-पंचवीस मैल लांब ठेवणार का?

एल्डोराडो नकाशावर जवळ दिसतं. पण सांता फे ऑपेराचं नाट्यगृह शहराच्या उत्तरेला सात मैलांवर आणि एल्डोराडो आग्नेयेला. नाट्यगृह बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे जुलैत प्रयोग साडेआठला, सूर्य कलल्यावर सुरू होतात. संपायला साडेअकरा सहज. मग पार्किंगमधून गाडी काढा, अख्खं शहर ओलांडा आणि २८५ नंबरच्या काळ्याकुट्ट रस्त्यावर हरणं आडवी येतील या धास्तीने घरी जा. पहिल्या उन्हाळ्यात सगळे प्रयोग बघाल. दुसऱ्या वर्षी निवडक. त्यानंतर पाहुणे आले की त्यांना दाखवायला म्हणून जाल. असे लोक मी ढिगाने पाहिलेत.

शहरात राहिलात तर शुक्रवारी संध्याकाळी जेवण उरकून कॅन्यन रोडला चालत चक्कर मारता येते. नवीन प्रदर्शन उघडलेलं असतं, चित्रकार स्वतः उभा असतो, दोन शब्द बोलता येतात, दहाला घरी. कलेच्या गावात राहायचं ते यासाठी. ऑपेराची तिकिटं काय, कुठूनही काढता येतात.

माळरान
नाटकवेडा, तुम्ही प्रेक्षकाची बाजू मांडलीत. ओंजळ विणकर आहेत, हे सोयीस्कर विसरलात.

सांता फेच्या नावाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय त्या जॉर्जिया ओकीफ राहत कुठे होत्या? १९२९ पासून त्या न्यू मेक्सिकोत येत होत्या. १९४० मध्ये घोस्ट रँचला घर घेतलं, १९४५ मध्ये अबिक्यूला पडकं घर घेऊन बांधून काढलं, १९४९ पासून कायमच्या इकडे. अबिक्यू सांता फेपासून पन्नासेक मैल. दुसऱ्या चित्रकार अॅग्नेस मार्टिन गॅलिस्टेओला राहिल्या, मग ताओसला. काम करणाऱ्यांना जागा, उजेड आणि कुणी दार न वाजवणं लागतं. चित्रं विकायला शहर होतंच.

मॅड्रिडचं बघा (इथलंच, स्पेनचं नव्हे). कोळशाच्या खाणीचं गाव, खाण बंद पडल्यावर ओस पडलं. १९७० च्या दशकात मालकाने घरं स्वस्तात द्यायला काढली आणि कुंभारकाम, चित्रं, दागिने करणारे लोक येऊन राहिले. सांता फेच्या मध्यवस्तीत आज असं पडीक घर उरलेलंच नाही. त्यात १९५७ चा वारसा वस्त्यांचा कायदा: मातीच्या घरांची धाटणी सांभाळा, उंच बांधू नका. गाव देखणं राहिलं हे खरं, पण दाटीने बांधता येत नाही, वर सुट्टीपुरतं घर घेणारे श्रीमंत. किमती चढतील नाही तर काय? कॉन्डोत राहून ओंजळ शेजारच्या भिंतीला कान लावून विणणार. ठोक ऐकून शेजारीण तक्रार करेल ती वेगळीच.

नाटकवेडा
माळरान, ओकीफबाईंची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. १९८४ मध्ये, तब्येत आणि दृष्टी दोन्ही गेल्यावर, त्या सांता फेला राहायला आल्या आणि १९८६ मध्ये तिथेच वारल्या. अबिक्यू चांगलंच होतं, साठीत. नव्वदीत डॉक्टर लागतो. ओंजळ आणि यजमान निवृत्तीला चाललेत, संसार मांडायला नाही.

माळरान
वारल्या तेव्हा वय ९८ होतं. म्हणजे गावात पस्तीस वर्षं काढून शहरात दोन. हा हिशोब मला आजही मान्य आहे.

खटपट्या
तुमचं ओकीफपुराण चालू द्या. मी पाण्याबद्दल आणि पैशांबद्दल बोलतो, कारण या दोन गोष्टी कुठलाच एजंट आपणहून सांगत नाही.

शहरात नळ आहे. एल्डोराडोला स्वतःची पाणीपुरवठा संस्था आहे, तिथेही प्रश्न नाही. पण त्यापलीकडे गेलात की बोअर आणि सेप्टिक टँक. सांता फे काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) बऱ्याच प्लॉटांवर अट असते की वर्षाला पाव एकर-फूटच पाणी उपसायचं. म्हणजे सुमारे ३ लाख लिटर, दिवसाला साडेआठशेच्या आसपास. दोघांना घरात पुरतं. बाग करायची म्हणाल तर विसरा. सूत रंगवायचा नाद असेल तर बादल्या मोजायला आत्तापासून लागा, आणि रंगाचं पाणी सेप्टिकमध्ये ओतता येईल का तेही विचारून ठेवा. ही अट जाहिरातीत दिसत नाही, प्लॉटच्या कागदपत्रांत आणि विहिरीच्या परवान्यात असते. इसारा देण्याआधी दोन्ही मागून घ्या, मीटर आहे का बघा, बोअर किती खोल आणि पाण्याची पातळी आता कुठे आहे ते लेखी घ्या.

दुसरं, घरपट्टी. न्यू मेक्सिकोत राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. वीस वर्षं राहिलेल्या आजीबाईंची पट्टी त्यामुळे इवलीशी असते. घर विकलं की ही मर्यादा सुटते आणि पुढच्या वर्षी तुमच्या नावावर बाजारभावाने नवं मूल्य लागतं. लिस्टिंगमध्ये आजीबाईंचा आकडा छापलेला असतो आणि लोक तोच धरून बजेट करतात. शहर असो की गाव, काउंटीच्या असेसरला, म्हणजे करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून नवा अंदाज घ्या.

तिसरं, आगीचा विमा. २००० मध्ये सेरो ग्रांदेच्या वणव्यात लॉस अलामोसमधल्या शेकडो कुटुंबांची घरं गेली. २०२२ चा हर्मिट्स पीक-काफ कॅन्यन वणवा ३ लाख ४१ हजार एकरांचा, राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा, आणि तो सरकारी खात्यानेच मुद्दाम लावलेल्या, मग हाताबाहेर गेलेल्या आगींतून पेटला. त्याची राख नदीत उतरून लास वेगास शहराच्या पिण्याच्या पाण्याचे त्या उन्हाळ्यात वांधे झाले होते. व्हिक्टोरियन घर स्वस्त का मिळतंय याचं सगळं उत्तर हे नाही, पण थोडं आहे. आधी विम्याचं कोटेशन, मग घर आवडून घ्यायचं.

उंटावरची शहाणी
एल्डोराडोबद्दल एक जोडते. तिथली सोसायटी आणि तिचे नियम हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. परसात कोंबड्या पाळाव्यात की नाही यावरून शेजारी शेजाऱ्यांविरुद्ध उभे राहिले आणि प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलं. मोकळ्या माळावर राहतोय म्हणून मनासारखं वागता येईल हा भ्रम नको. अंगणात विणकामाची शेड उभारायची असेल तर आधी परवानगी.

दूरदेशी
राज्यातलं सर्वांत मोठं शहर अल्बुकर्क, त्याचा पर्याय तुम्ही सगळ्यांनी चहापाण्यापुरताही घेतला नाहीत, म्हणून लिहितो. राज्यातलं पहिल्या दर्जाचं ट्रॉमा सेंटर (गंभीर अपघातांवर उपचार करणारं) इथेच, विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. कॅन्सरचं मोठं केंद्रही इथेच. मुलं, नातवंडं येणार ती विमानाने इथेच उतरणार. घरं सांता फेच्या मानाने बरीच स्वस्त. सांता फेकरांनाही तपासण्यांना शेवटी खाली आमच्याकडे यावं लागतं. मग नवऱ्याच्या ऑपेरासाठी वर्षातून काही वेळा वर जा की. डिसेंबर २००८ पासून रेल रनर ही लोकल गाडी थेट सांता फेच्या स्टेशनापर्यंत जाते.

नाटकवेडा
जाते, मान्य. येताना काय? नेहमीच्या वेळापत्रकातली शेवटची गाडी ऑपेराचा पडदा पडायच्या खूप आधी सुटते. रेल रनर म्युझियम बघायला उत्तम. संध्याकाळी जगणाऱ्या माणसाला निरुपयोगी.

दूरदेशी
एक रात्र हॉटेल घ्यायचं. कॉन्डो आणि आमच्याकडच्या घराच्या किमतीत जो फरक आहे त्यात किती रात्री बसतात ते मोजा, जन्मभर पुरतील.

गोधडी
मी विणकर म्हणूनच उत्तर देते. ओंजळ, तुझ्या यादीत सांता फेच्या उत्तरेचा एस्पान्योलाकडचा पट्टा नाहीच, याचं नवल वाटलं. चिमायोला पिढ्यान्पिढ्या घोंगड्या आणि गालिचे विणणारी घराणी आहेत. सांता फेच्या गॅलरीत काचेआड बघायला मिळतं ते तिथे मागावर चढलेलं दिसतं. ताण कमी-जास्त का ठेवलाय, रंग कुठे बदललाय, हे विचारता येतं. मला गॅलरीतल्या दहा शुक्रवारांपेक्षा तिथली एक दुपार जास्त उपयोगी पडली.

पण तिथे घर घेण्याआधी हे ऐक. त्या खोऱ्यांत जमिनीबरोबर असेकियाचं पाणी येतं. असेकिया म्हणजे स्पॅनिश काळापासून गावाने मिळून चालवलेले पाट. आमच्या धुळ्याकडच्या फड पद्धतीसारखंच: पाळीने पाणी, आणि पाळ्या सांभाळायला पाटकऱ्यासारखा एक मायोर्दोमो. दर वसंतात पाट साफ करायला प्रत्येक घरातून फावड्यासकट माणूस यायला हवा, नाहीतर पैसे भरायचे. बाहेरून आलेले बरेच जण चेक पाठवून मोकळे होतात. कायद्याने ठीक आहे. पण गाव तुम्हाला त्या दिवसापासून ओळखतं ते चेकवालेच म्हणून. त्यात अशा लोकांमुळे जमिनीचे भाव चढतात आणि ज्यांच्या आजोबांनी पाट खणला त्यांच्या पोरांना घर घेता येत नाही. स्वस्त गाव शोधणाऱ्यांनी गाव कुणासाठी स्वस्त आहे तेही बघावं.

माळरान
गोधडी, मग काय शहरातच मरायचं सगळ्यांनी? भाव शहरातही बाहेरच्यांनीच चढवलेत.

गोधडी
मी जाऊ नका म्हटलेलं नाही. फावडं घेऊन जा म्हटलंय.

सरळमार्गी
मधला मार्ग कुणी सुचवला नाही. शहरात लहान कॉन्डो आणि सायलर-रुफिना भागात भाड्याने स्टुडिओ. तो जुना गॅरेज-गोदामांचा भाग, पर्यटक कमी, काम करणारे जास्त. मिआऊ वुल्फ या कलाकारांच्या गटाने २०१६ मध्ये बंद पडलेल्या बोलिंग अॅलीत आपलं कायमचं प्रदर्शन उघडलं ते याच बाजूला. २०२२ मध्ये तिथे सायलर यार्ड म्हणून कलाकारांसाठी ६५ घरं झाली, राहणं आणि काम एकाच ठिकाणी. ती उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांसाठी आहेत, डॅलसचं घर विकून येणाऱ्यांना नाहीत, तेव्हा आशा नको. पण त्या भागात स्टुडिओ शोधला तर शेजार मिळतो.

खटपट्या
स्टुडिओचं भाडं दर वर्षी वाढणार. पाच-सात वर्षांत भाड्यात मोठी रक्कम जाईल आणि हातात पावत्या राहतील. शिवाय रात्री दहाला सुचलं तर मागावर बसायला गाडी काढायची?

सरळमार्गी
रात्री दहाला सुचणारे लोक फार कमी असतात. बहुतेकांना घरी माग असला की त्यावर धुतलेले कपडे वाळत घालायला सुचतं.

उंटावरची शहाणी
हे अन्यायकारक आहे, पण खोटं नाही 😄

ओंजळ
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला धागा वाचून दाखवला. साडेअकराच्या परतीच्या ड्रायव्हिंगवर तो "बघ" म्हणाला आणि नव्वदीच्या डॉक्टरवर दोघंही गप्प झालो. लास वेगास यादीतून काढलं, पाण्यामुळे. गोधडी, चिमायोला माग बघायला नक्की जाणार, घर मात्र तिकडे नको. पाट साफ करायला दरवर्षी खरंच जाऊ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

सध्या असं ठरतंय की जानेवारी ते जून एल्डोराडोला भाड्याने राहायचं, डॅलसचं घर तोवर विकायचं नाही. सात हजार फुटांवरचा बर्फ आणि दम लागणं दोन्ही कळेल.

नाटकवेडा
ऑपेरा सुरू होतो जूनअखेर. म्हणजे जे तपासायचं तेच सोडून बाकी सगळं तपासणार. जुलै-ऑगस्ट घ्या.

खटपट्या
जुलै-ऑगस्टला भाडं बघितलंय का तिकडचं? आणि भाडेकरूला ना घरपट्टी कळते ना विमा. राहा खुशाल, पण असेसरचा फोन आत्ताच करून ठेवा.

ओंजळ
उद्या करते. नंबर काउंटीच्या साइटवर असेल ना?