मदत हवी आहे: काम आणि गाणी दोन्हींना चालेल असा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन (वायरलेसच)

चटकन_सांगा
सोनी, बोस की सेनहायझर? रिव्ह्यू बघून बघून डोकं पिकलंय. सध्याच्या हेडफोनवर कॉलचा आवाज भिकार, म्हणून तो परत करतोय. मुदत संपत आलीय. दिवसभर मीटिंगा, मधल्या वेळात गाणी. लांबण नको, फक्त मॉडेलचं नाव सांगा.

कानसेन
भिकार कोणाला? तुम्हाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, की समोरचे तुमच्या नावाने ओरडतात? दोन्हींची औषधं वेगळी. शिवाय लॅपटॉप कुठला, फोन कुठला, चष्मा आहे का? आणि गोंगाट कसला, पंखा-एसीचा की माणसांचा?

वायरवाला
वायरचा घ्या. पेअरिंग नाही, चार्जिंग नाही, कॉलमध्ये आवाज बदलत नाही. विषय संपला.

चटकन_सांगा
@वायरवाला, शीर्षक वाचा.
@कानसेन, मीटिंग सुरू झाली की समोरच्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा. मागे गाणं चालू असेल तर त्याचीही वाट लागते. मीटिंग संपली की सगळं झकास. लॅपटॉप विंडोजचा. गोंगाट माणसांचा.

बाकावरचा
मग परत करायची घाई नको, नवा घेतलात तरी हेच होईल. ब्लूटूथवर गाणी येतात ती ए२डीपी प्रोफाइलवर (प्रोफाइल म्हणजे आवाज पाठवायची ठरलेली पद्धत): स्टीरिओ, पण एकतर्फी. माइक उघडला की लॅपटॉप एचएफपीवर, म्हणजे कॉलच्या हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो. तिथे आवाज दुतर्फा, पण मोनो. सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्‌झ, लॅपटॉप-हेडफोनची जोडी जरा बरी असेल तर १६. म्हणजे जास्तीत जास्त ८ किलोहर्ट्‌झपर्यंतचे सूर पोचणार, झांजा-टाळ गायब. तुम्ही म्हणता तो डबा हाच.

उपाय फुकट आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड इथे जाऊन इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा, आउटपुट हेडफोनच राहू द्या. मग मीटिंगच्या ॲपमध्येही माइक वेगळा निवडा, ते विंडोजचं ऐकेलच असं नाही. तरीही डबा वाजला तर ब्राउझरची एखादी टॅब माइक धरून बसलेली असते. टास्कबारवर माइकचं चिन्ह दिसतंय का बघा.

तांत्रिक_मांत्रिक
अर्धा उपाय. ॲप पुन्हा हेडफोनचा माइक पकडतं. मुळावरच घाव घाला: ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, डिव्हाइसेस, सगळ्यात खाली मोअर डिव्हाइसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज. हेडफोनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस, आणि हँड्सफ्री टेलिफोनीची खूण काढा.

बाकावरचा
आणि त्या लॅपटॉपवर हेडफोनचा माइक पूर्णच गायब होतो हे कोण सांगणार? कॉल उचलायचं बटणही बंद पडतं. आधी साधा उपाय करू द्या की.

पेंग्विन
लिनक्सवर वायरप्लंबरच्या (आवाजाच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये आपोआप हेडसेट प्रोफाइलवर जाणं बंद करता येतं. तिथे कॉलच्या आवाजाचा कोडेक (आवाज दाबून पाठवायची रीत), म्हणजे १६ किलोहर्ट्‌झचा एमएसबीसी की ८ चा सीव्हीएसडी, तेही साउंड सेटिंगमध्ये निवडता येतं.

चटकन_सांगा
मी विंडोज लिहिलंय.

सूरदर्दी
प्रोफाइल वगैरे ठीक, पण गाण्यांसाठी सोनीचा एलडॅक कोडेक हवाच. ९९० केबीपीएस! त्याखाली काही घेऊ नका. सोनीचा एक्सएम४ डोळे झाकून घ्या, घडी घालून पिशवीत जातो. (एक्सएम५ची घडी होत नाही, एक्सएम६ची पुन्हा होते.)

कानसेन
फोन कुठला ते धागाकर्त्याने अजून सांगितलेलं नाही.

चटकन_सांगा
आयफोन. त्याने काय फरक पडतो?

कानसेन
एवढाच की एलडॅकचा प्रश्नच मिटला. आयफोन एएसी आणि एसबीसी सोडून काही पाठवत नाही. विंडोजमध्येही एलडॅक मुळात नाही. वर एक्सएम४ला एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप जोडलात की एलडॅक बंद होतो, आणि यांना तर दोन्ही जोडायचेत. कोडेकसाठी पैसे मोजू नका.

सूरदर्दी
फोन उद्या बदलेल, हेडफोन तोच राहील.

कानसेन
हेडफोनची बॅटरी त्याआधी म्हातारी होईल.

मिणमिण
एक मुद्दा सुटतोय. खोक्यावर ईएनसी लिहिलंय की एएनसी? ईएनसी तुमच्या माइकवर चालतं, म्हणजे फायदा समोरच्याला. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतात.

चटकन_सांगा
बघितलं. ईएनसी!! एएनसीचं नावही नाही. म्हणजे मला फसवलं?

मिणमिण
फसवलं म्हणा किंवा अर्धं सांगितलं म्हणा. हा मात्र परत कराच. पण माणसांच्या आवाजाबाबत आशा बेताची ठेवा. एएनसी उलटी लहर सोडून आवाज मारतं. एसीची घरघर, इंजिन, पंखा यावर जोरदार चालतं, १ किलोहर्ट्‌झच्या वर त्याचा जोर ओसरतो. लहर जितकी आखूड, तितकं कानापाशी जुळवणं अवघड. बोलण्यातली व्यंजनं त्याच्या वरच असतात, ती अडवायचं काम हेडफोनच्या गादीचं. म्हणून कान पूर्ण झाकणारा घ्या. आणि हलक्या आवाजात वाद्यसंगीत लावलंत तर उरलेलं बोलणं त्याखाली दबतं.

काचवाली
म्हणूनच कानसेनने चष्म्याचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलंच नाही. काडीखालून फट राहिली की आधी खर्जातलं एएनसी निसटतं. सुरू पंख्याजवळ बसा, गाणं बंद, एएनसी चालू. चष्मा काढा, पुन्हा लावा. घरघर स्पष्ट वाढली तर तो हेडफोन तुमच्यासाठी नाही. पातळ, सपाट काडी आणि मऊ, जाड गादी ही जोडी चालते. गादी झिजली तरी हेच होतं. बदलताना मूळ मापाची घ्या, भलत्या जाडीची घेतली तर एएनसीचा हिशोब बिघडतो.

चटकन_सांगा
चष्मा आहे, जाड काडीचा. लॅपटॉपचा माइक निवडून पाहिला. कॉलमध्ये गाणं शाबूत! पण आता समोरचे म्हणतात, कीबोर्डची खडखड आणि शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं.

दांडीबहाद्दर
येणारच, लॅपटॉपचा माइक कीबोर्डला चिकटून असतो. तोंडासमोर येणारा दांडीवाला माइक घ्या. तोंडापासून माइकचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो, शेजाऱ्यांचा तिथेच राहतो. कानावरच्या पाकळीतला माइक या गणितात मागेच पडतो. जाब्रा इव्हॉल्व्ह२ ८५ बघा: कान झाकणारा, एएनसी आहे, दांडी पाकळीत दडते, सोबत डाँगल (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर). पॉली व्हॉयेजर फोकस २ मध्येही दांडी आणि एएनसी आहे, पण तो कानावर टेकतो, चष्म्याला दिवसभर टोचेल.

सूरदर्दी
जाब्रावर गाणी? एएसी-एसबीसीवर? कॉल सेंटर वाटतं.

दांडीबहाद्दर
त्याचा आयफोनही एएसीच पाठवतो. वर वाचा.

तांत्रिक_मांत्रिक
डाँगल लावला की कॉलमध्ये गाणी स्टीरिओ राहतील असं समजू नका. ऑफिसचे डाँगलसुद्धा माइक उघडला की कॉल मोडमध्येच जातात, फक्त जोडणी टिकते आणि म्यूटचं बटण नीट चालतं. माइक चालू असताना स्टीरिओ हवा तर गेमिंगचे २.४ गिगाहर्ट्‌झवाले, नाहीतर एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथचा नवा ऑडिओ प्रकार. त्यासाठी विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती हवी, शिवाय लॅपटॉपचं हार्डवेअर, ड्रायव्हर आणि हेडफोन तिघांनीही साथ द्यायला हवी.

इतिहासप्रेमी
अवांतर: एएनसीची कल्पना पॉल ल्यूगच्या १९३६ च्या अमेरिकी पेटंटमध्ये आहे. अमर बोस यांना हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली, आणि १९८९ मध्ये वैमानिकांचा हेडसेट आला.

वायरवाला
तोही वायरचाच होता.

चटकन_सांगा
😀 बरं. मीटिंगा जास्त आहेत, म्हणजे दांडीवालाच. पण लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी पोर्ट आहेत, हे सांगायचं राहिलं.

दांडीबहाद्दर
जाब्राचा लिंक ३८० डाँगल दोन्ही प्रकारांत येतो. खोक्यात सी-वाला आहे ना, ते घेतानाच बघा. नंतर कन्व्हर्टर शोधत बसू नका. आणि यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी तो खोचू नका. तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट गळतो आणि आवाज तुटतो. जागा नसेल तर एक्स्टेन्शन केबलने डाँगल फूटभर दूर न्या.

काचवाली
आणि घेण्याआधी तो चष्मा लावूनच घालून बघा. तुमची काडी जाड आहे.

पाहुणा_२
यातला झोपताना घालायला कोणता बरा?