प्रति: रेशन आणि मुलांची तब्येत

युद्धात रेशन आलं की सगळ्यात आधी मुलं खंगतात, असं वर एकांनी लिहिलंय. सगळीकडे तसं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखर-लोणी मोजून मिळत होतं, पण शाळेतलं दूध आणि दुपारचं जेवण उलट वाढवलं गेलं. तेव्हा ताटाबद्दल पूर्ण सहमत नाही. चर्चेत कुणी लसीचं नाव काढलं नाही, याचं मात्र नवल वाटलं.

घटसर्पाची (डिप्थेरिया, घशाचा जीवघेणा संसर्ग) लस कॅनडा-अमेरिकेत आधीपासून दिली जात होती, ब्रिटन मात्र ढिम्म. १९४० मध्ये एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये घटसर्पाचे सुमारे ४६,००० रुग्ण आणि जवळपास २,५०० मृत्यू झाले. बॉम्बहल्ले, गर्दीचे तळघर-निवारे, शहरातून खेड्यात पाठवलेली मुलं. साथ पसरायला आणखी काय हवं? म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने मुलांना ही लस मोफत देणं सुरू केलं. १९५७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये रुग्ण उरले ३७, मृत्यू ६. शांततेत जे रखडलं ते युद्धाने करून घेतलं म्हणायचं!

आमच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरतात, मुलं वर बघतसुद्धा नाहीत. पण शाळेत दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस द्यायची म्हटलं की निम्म्या पालकांची संमतीपत्रं दप्तरातच राहतात. 'ताप येतो हो, परीक्षा आहे.' गेल्या वेळी वर्गशिक्षिकेने पालकसभेतच सह्या घेतल्या, तेव्हा कुठे काम झालं.