सॅवेज, ब्रूटल हे शब्द कौतुकाला वापरायचे का?

फोंड्याचा मास्तर: परवा प्रीलिमचा पेपर सुटला तेव्हा व्हरांड्यात पोरं बोलत होती, गणित काय ब्रूटल होतं रे, आणि दुसरा कुणाला तरी शाबासकी देतोय, काय सॅवेज उत्तर दिलंस. मी इंग्रजीच शिकवतो त्यामुळे कान टवकारतात. सॅवेज आलाय लॅटिनमधल्या सिल्वाटिकसवरून, सिल्वा म्हणजे रान. म्हणजे रानात राहतो तोच क्रूर, असं युरोपने ठरवलं आणि ज्यांच्या जमिनी लाटल्या त्यांनाच तो शब्द चिकटवला. माझ्या वर्गात वेळीप या आदिवासी समाजाचा एक मुलगा आहे. वहीत त्याने सॅवेजसमोर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रानात राहणारा, वाईट'. मला म्हणाला, सर, आमचं घर रानातच आहे. मला त्यावर पटकन काही बोलताच आलं नाही. हा शब्द हौसेने मिरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हापसेकर: मास्तर, त्या मुलाचं वाईट वाटलं पण तुमचं म्हणणं नाही पटलं. ब्रेव्ह हा शब्द कुठून आला बघा, ब्राव्होवरून, त्याचा जुना अर्थ रानटी, बेफाम. पोर्तुगीजमध्ये खवळलेल्या समुद्राला अजून मार ब्राव्हू म्हणतात. तोच शब्द आज शूर म्हणून चालतो ना? आणि आपण काय करतो, 'भयंकर आवडलं', 'खतरनाक गातो'. भयंकरमध्ये भय आहे म्हणून कोण घाबरतं का?

मडगावची टायपिस्ट: म्हापसेकर बाब, मी वकिलाच्या ऑफिसात बसते, तिथून वेगळं दिसतं. नवरा किंवा सासरचे छळतात त्यासाठी पूर्वी दंड संहितेचं कलम ४९८अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८५ आणि ८६, पण क्रुएल्टी, म्हणजे क्रूरता, शब्द तोच. त्याची व्याख्या आहे, बाईला जीव द्यायची पाळी येईल असं वागणं, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा, हुंड्यासाठी छळ. एकदा एक बाई समोर बसून सांगत होती, मारत नाही गो, पण जेवायला बसले की ताट ओढून घेतो, रोज. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि मी मेंटल क्रुएल्टी टाईप करत होते. घरी आले तर भाचा म्हणतो, मावशे, ह्या गेमची लेव्हल क्रुएल आहे. त्याला रागावले नाही, पण असंच चालू राहिलं तर त्या बाईने कुठला शब्द वापरायचा?

कुडचडे: सगळे एकाच दावणीला बांधू नका. क्रुएल आणि आपला क्रूर हे चुलतभाऊ, दोघांच्या मुळात कच्चं मांस, रक्त. कच्चं मांस खाणारा तो क्रव्याद, तोही त्याच घरातला. हा शब्द जपायलाच हवा, ताईंचं बरोबर. रूथलेस म्हणजे सरळ निर्दय, रूथ म्हणजे दया, ती बोलण्यातून जवळजवळ गेली आणि लेस तेवढा राहिला. ब्रूटलच्या मुळाशी लॅटिन शब्द ब्रूटस, अर्थ जड, मठ्ठ. पण फिअर्स, म्हणजे उग्र, त्याचं तसं नाही, फ्रेंचमध्ये त्याचाच भाऊ फिएर म्हणजे अभिमानी. एखाद्या मुलीला फिअर्स म्हटलं तर त्यात पूर्वीपासूनच थोडा मान आहे, तो राहू दे.

बाणावलीचा: धीर्योचे, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या झुंजींचे, व्हिडिओ बघा मग कळेल. हायकोर्टाने नव्वदच्या दशकात बंदी घातली तरी चोरून झुंजी चालतातच. मध्ये एक क्लिप आली, बैलाच्या डोळ्याखाली शिंग घुसून कातडं लोंबतंय आणि खाली लिहिलंय 'सॅवेज फाईट', पुढे आगीचे इमोजी. प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा १९६० चा आहे. त्या जागी 'जखमी बैल' लिहिलं असतं तर इतक्या लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या का?

म्हापसेकर: बैलाचं मान्य, तिथे शब्दाने घाण झाकली. पण पेपर ब्रूटल म्हणणारा पोरगा कुणाचं काही झाकत नाही हो, त्याला खरंच जड गेला. त्याला मुळं शिकवा जरूर, तोंड बंद करू नका. पोरं शब्द असेच वाकवतात, आपणही वाकवले.

फोंड्याचा मास्तर: तोंड बंद नाही करणार, ब्रूटलवरचा माझा हट्ट सोडला, फिअर्सही राहू दे. सॅवेजवरचा नाही सोडत. वेळीप, गावडा, कुणबी यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यांचीच पोरं माझ्यासमोर बसतात. सोमवारी फळ्यावर सिल्वा लिहून रानापासून सुरुवात करणार आहे, आणि त्या मुलाला विचारणार आहे, वहीतला तो दुसरा शब्द आपण दोघांनी मिळून खोडायचा का.