गोल्फच्या ग्रीनचे नकाशे खरंच टाकून द्यायचे का?

सागरवारा, अलिबाग:
पनवेलकर, तुमच्या कालच्या पोस्टमध्ये ग्रीन-बुकबद्दल, म्हणजे ग्रीनचा (भोकाभोवतालच्या बारीक गवताचा) उतार दाखवणाऱ्या नकाशांच्या वहीबद्दल ठासून लिहिलंय, "प्रो लोकांचं ग्रीन-बुक बंद झालं, मग हौशी खेळाडूंनी कशाला बाळगायचं? पाय आणि डोळे पुरे." अर्धवट माहितीवर नवशिक्यांना घाबरवू नका. १ जानेवारी २०२२ पासून बंदी आली ती बड्या स्पर्धांपुरती, लोकल रूलने (स्पर्धेच्या समितीने लावायच्या जादा नियमाने). क्लबमध्ये समितीने तो रूल लावला नसेल तर नकाशा चालतो. प्रमाण ५ यार्डांना ३/८ इंच, त्याहून मोठं नको. वही सव्वाचार बाय सात इंचांच्या आत. आणि नकाशा आदल्या रात्री वाचायचा असतो! बाण उताराकडे असतात. पिन (भोकातली झेंड्याची काठी) मागे आणि उतार मागून पुढे, तर अप्रोच (ग्रीनवर पोचवणारा फटका) पिनच्या अलीकडेच थांबवा. खालून वर मारायचा १२ फुटी पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) मी वरून येणाऱ्या ६ फुटीपेक्षा कधीही पत्करेन.

पनवेलकर:
रात्री कोण वाचतो? ग्रीनवर वही उघडून उभे राहतात आणि मागचे चौघे फेअरवेवर ताटकळतात. ४० सेकंदांत फटका मारा असं नियमच सुचवतात. शिवाय पावसाळ्यात गवत उंच ठेवतात, ग्रीन ओली, स्टिंप (ग्रीनच्या वेगाचं माप) घसरतो. १० च्या स्टिंपला धरलेला ब्रेक (चेंडूचं वळण) ७ ला कसा लागू होईल?

सागरवारा, अलिबाग:
उतार तोच राहतो, ब्रेक बदलतो. वही फक्त उतार सांगते. संथ ग्रीनवर चेंडू जोरात मारावा लागतो म्हणून तो कमी वळतो, इतका हिशेब खेळणाऱ्याने करायचा. आणि डोळ्यांचं कौतुक पुरे. खारघरच्या गोल्फ कोर्सला डोंगर इतका जवळ आहे की डोंगरापासून खाली जाणारी ग्रीनसुद्धा सपाट वाटते. तिथे बाणच खरं बोलतात.

ग्रेन_आधी:
दोघंही मूळ गोष्ट सोडून बोलताय. बर्म्युडा गवतावर ग्रेन (पाती झुकून वाढतात ती दिशा) बघितल्याशिवाय उताराचा काय उपयोग? चेंडूमागे उभं राहून बघा: गवत चकाकतंय तर ग्रेन तुमच्यापासून दूर, पट पळणार, गडद दिसतंय तर अंगावर, पट अडणार. खात्री नसेल तर कपाची, म्हणजे भोकाची कड बघा. दुपारपर्यंत ज्या बाजूला ती फाटते, करपते, तिकडे गवताची वाढ. कुठल्याही नकाशात हे नाही.

पनवेलकर:
हेच म्हणतोय मी!

सागरवारा, अलिबाग:
नाही, तुम्ही वही फेका म्हणत होता. ग्रेन वेगळा, उतार वेगळा. आडव्या उतारावर ग्रेनही खालीच असेल तर ब्रेक वाढतो, वर असेल तर कमी होतो. दोन्ही कळलं तरच रेषा मिळते.

ग्रेन_आधी:
हे मान्य. पण बाण छापले म्हणून बरोबर होत नाहीत. ग्रीन नव्याने बांधली की जुनी वही रद्दी.

पनवेलकर:
मग मोबाईलचं लेव्हल ॲप लावा ना, ताजा उतार मिळेल.

सागरवारा, अलिबाग:
राउंडमध्ये अजिबात नाही! नियम ४.३ खाली पहिल्यांदा जनरल पेनल्टी, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) २ स्ट्रोक; दुसऱ्यांदा थेट बाद. सरावाच्या ग्रीनवर खुशाल लावा, फक्त ॲप अंश दाखवतं आणि वही टक्के. १ अंश म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. अंशालाच टक्का समजलात तर ब्रेक निम्म्याच्या आसपास धरला जाईल आणि पट खालून निघून जाईल. आधी पायांनी अंदाज बांधा, मग मोबाईल ठेवून ताडून बघा.

पनवेलकर:
सरावापुरतं ठीक. ग्रीनवर वही दिसली तर मात्र मी बोलणारच.